म्युनिकच्या बाई आणि दाखाऊचे फाटक



जर्मनीहून परतल्यावर तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारले, "माणसे कशी आहेत?" चांगली आहेत. म्युनिक स्टेशनवर मी गोंधळून उभा होतो, तेव्हा एक वृद्ध बाई स्वतःची गाडी सोडून मला फलाटापर्यंत पोचवून गेल्या. मला जायचे होते जवळच्याच दाखाऊला.

तिथे १९३३ च्या मार्चमध्ये नाझींनी छळछावणी उघडली. १९४५ पर्यंत ती आणि तिच्या उपछावण्या मिळून दोन लाखांहून अधिक कैदी डांबले गेले. ४१ हजारांहून अधिक प्राणांस मुकले. फाटकावर लोखंडी अक्षरे आहेत : 'काम मुक्ती देते'.

मग बाईंचा चांगुलपणा खोटा का? मुळीच नाही. पण त्याने छावणीचा हिशेब फिटत नाही, आणि छावणीमुळे बाई आरोपी ठरत नाहीत. तुम्ही परदेशी जाल तेव्हा पाहुणचार गोड लागला म्हणून इतिहासाचे पुस्तक मिटू नका. तो देश आपल्या मुलांना काय सांगतो, तेही पाहा. छावणीत शाळेचे वर्ग आले होते, जर्मन मुलेच. शिक्षक सांगत होते, मुले टिपून घेत होती. हे सहज घडलेले नाही. १९७० साली चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले. ते स्वतः नाझींमुळे परागंदा झालेले. तरीही त्यांच्याच देशातील अनेकांना ते रुचले नव्हते.

परतीच्या गाडीत मनात आले, त्या बाईंचे वडील त्या वर्षांत काय करीत असतील? बाई समोर असत्या, तरी मला विचारवले नसते.