धूर, धूळ आणि साग
(नागभीड येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



धुराने झाड आजारी पडते, हे आपणांस सांगावयास नको. ते त्या आजारातून उठते काय, हा आजचा विषय आहे.

याचा मोठा धडा युरोपात मिळाला. चेकोस्लोव्हाकिया व पूर्व जर्मनी यांच्या सीमेवरील डोंगरांत स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची विस्तीर्ण वने होती. पायथ्याच्या वीजकेंद्रांत गंधकयुक्त तपकिरी कोळसा जळे. १९७० व १९८० च्या दशकांत हजारो हेक्टरांवरील वने वाळून गेली. स्प्रूसची सुई फांदीवर अनेक वर्षे टिकते. त्यामुळे विषही वर्षानुवर्षे साचते. सुया पिवळ्या पडून गळतात आणि खोडातील वर्षवलये अरुंद होत जातात. १९९० नंतर काही केंद्रे बंद झाली, इतरांवर गंधक अडविणारी यंत्रणा बसली. तग धरून राहिलेल्या झाडांची वलये काही वर्षांतच पुन्हा रुंदावली. मातीचे तसे झाले नाही. आम्लाने धुऊन नेलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम परत यावयास दशके लागतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. जोडीला कोळसाखाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. असले गुण जितके अधिक तितकी स्थिती वाईट. आपल्या कोळशात गंधक थोडे, राख मात्र फार. म्हणून येथील झाडांचा पहिला शत्रू धूळ होय. ती पानांची रंध्रे बुजविते, प्रकाश अडविते. सिमेंटची धूळ तर दवाने ओली होऊन पानावर पापुद्र्यासारखी बसते.

साग दरवर्षी पाने टाकतो, पावसाळा नवी पाने धुऊन काढतो. या बाबतीत तो स्प्रूसपेक्षा सुदैवी खरा. परंतु त्याचे पान मोठे व खरखरीत, धूळ धरून ठेवणारे. आणि हिवाळ्यात धूर जमिनीलगत रेंगाळतो तेव्हा पाऊस नसतो. गळलेल्या पानांबरोबर ती धूळ मातीतच जाते.

नागभीडचे येथे महत्त्व आहे. घोडाझरीच्या बाजूची आपली वने त्या धुराड्यांपासून दूर आहेत. सागाचे वलय अवर्षणानेही अरुंद होते. तेव्हा केवळ चंद्रपूरजवळचा खुंट पाहून धुरास दोष देता येत नाही. त्याच वर्षांची नागभीडच्या सागाची वलये शेजारी ठेवली, तरच दुष्काळ कोणता आणि धूर कोणता, हे वेगळे करता येईल. यासाठी एकही झाड तोडू नये. वनविभागाच्या परवानगीने कूपातील खुंट मोजावेत.

शिक्षकांना आणखी सोपे काम आहे. दर महिन्यास ठरलेल्या झाडाची दहा पाने ओल्या कापसाने पुसावीत. एक झाड रस्त्यालगतचे, एक आतले. ते बोळे तारीख घालून शाळेच्या कपाटात जपावेत. उद्या परिसरात एखादा प्रकल्प आला व जनसुनावणी लागली, तर सरपंचांनी ते सोबत न्यावेत.