सुट्या भागांवाचून सोळा विमाने

(कार्यकर्त्यांपुढील भाषणातून)

२०१४ मध्ये काबूलच्या विमानतळावरील सोळा लष्करी मालवाहू विमाने तोडून भंगारात विकली गेली. भाव? पौंडाला सहा सेंट! सगळ्यांचे मिळून सुमारे ३२,००० डॉलर आले.

इटलीच्या हवाई दलाने सेवेतून काढलेली ही जी-२२२ विमाने. अशी वीस विमाने अफगाण हवाई दलासाठी घेण्याची योजना अमेरिकेने २००८ मध्ये हाती घेतली. तिच्यावर एकूण ५४ कोटी ९० लाख डॉलर खर्ची पडले. जुने विमान घेणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु ज्याचे उत्पादन थांबले, त्याचा सुटा भाग मागताक्षणी मिळत नाही. तो जुन्या साठ्यांतून हुडकावा लागतो, नाहीतर नव्याने घडवावा लागतो. त्याची पुरेशी तरतूद नव्हती. मग एकाचे भाग काढून दुसऱ्याला बसवणे आले; सहा विमाने त्यापायी उघडी पडली. २०१२ च्या पहिल्या नऊ महिन्यांत ४,५०० तासांऐवजी उड्डाण झाले अवघे २३४ तास! आणखी २० कोटी डॉलरचे सुटे भाग लागतील, असा हिशेब निघाला. २०१३ मध्ये योजनाच गुंडाळली गेली.

याला 'साहाय्य' म्हणायचे! विमान देणाऱ्याने निवडले, कंत्राटदार त्यानेच नेमला, भंगारात काढण्याचा निर्णयही त्याचाच. पैसा मात्र अमेरिकन करदात्याचा, म्हणजे तिथल्या कामगाराचाही. यासाठी कोणालाही जबाबदार धरले गेले नाही, हे अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे.