साशंक मतदाराच्या दारात

(बोईसर परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



निवडणुकीतील यश हे कार्यकर्त्याला विश्रांती देणारे नसते. त्याची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. २०२४ साली पालघर लोकसभा मतदारसंघातून डॉ. हेमंत सवरा दीड लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. त्याच वर्षी विधानसभेच्या विक्रमगड, नालासोपारा आणि वसई या जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. पालघर आणि बोईसर मित्रपक्ष शिवसेनेकडे आले. जिल्ह्यातील सहा जागांपैकी केवळ डहाणूत लाल बावटा टिकून राहिला. आकडे समाधानकारक आहेत. परंतु ज्याने मत दिले नाही, आणि ज्याने मत दिले पण मन दिले नाही, अशा मतदाराचा विचार आज करावयाचा आहे.

डहाणू-तलासरीतील लाल बावट्याचे रहस्य काय, हा प्रश्न प्रथम प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. १९४५ साली वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांची विचारसरणी मान्य होण्यासारखी नाही. परंतु जमीनदाराचा चाबूक पाठीवर पडत असताना जो माणूस शेजारी उभा राहतो, त्याचा झेंडा नातवंडेही विसरत नाहीत. १९७७ साली डहाणू मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम लोकसभेवर गेले, ते या पुण्याईवर.

त्या बालेकिल्ल्यात राष्ट्रीय विचाराचा प्रवेश सभांनी किंवा भित्तिपत्रकांनी झाला नाही. माधवराव काणे कल्याणमधील प्रतिष्ठेचे जीवन सोडून तलासरीत येऊन राहिले. वनवासी मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले. विरोध झाला, टीका झाली. पण मुले शिकत राहिली. त्याच वसतिगृहात घडलेले चिंतामण वनगा पुढे वकील झाले आणि १९९६ साली डहाणूतून लोकसभेवर निवडून आले. १९९९ आणि २०१४ सालीही जनतेने त्यांना दिल्लीस पाठविले. वसतिगृहापासून लोकसभेपर्यंतच्या या प्रवासाला जवळजवळ तीन दशके लागली. साशंक मतदार किती काळ पारखून घेतो, याचे हे माप आहे.

याउलट २०१८ ची पोटनिवडणूक पाहावी. त्या वर्षी जानेवारीत वनगा यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार झाले, तर काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपचे. गावित सुमारे २९ हजार मतांनी विजयी झाले. परंतु मते शिवसेना, बहुजन विकास आघाडी, मार्क्सवादी पक्ष आणि काँग्रेस यांच्यात विभागली गेली होती. विजयी उमेदवाराच्या विरोधात पडलेली मते त्याला मिळालेल्या मतांहून कितीतरी अधिक होती. पुढच्याच वर्षी ही जागा शिवसेनेला सुटली आणि गावित शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा खासदार झाले. युतीच्या राजकारणात अशा तडजोडी अपरिहार्य असतील. पण पाड्यावरचा मतदार त्यातून एकच अर्थ काढतो, की चिन्ह बदलते आणि माणूसही बदलतो, मग विश्वास ठेवावयाचा कशावर? गणिताने जागा जिंकता येते. विश्वास जिंकण्यास तलासरीची वाट चालावी लागते.

ही वाट आज तारापूर आणि वाढवणच्या किनाऱ्याकडे वळली आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, ते साऱ्या देशाच्या अभिमानाचे स्थान ठरले. २००५ आणि २००६ साली तेथे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. राष्ट्रासाठी त्याग करा, असे त्या कुटुंबांना सांगितले गेले. त्यांनी तो केला. नंतर पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालत राहिले. जवळच्या औद्योगिक वसाहतीने हजारो हातांना काम दिले, पण तिच्या सांडपाण्याने खाड्या नासल्या. अखेर मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले आणि २०२२ साली लवादाने शंभराहून अधिक उद्योगांवर भरपाईची जबाबदारी टाकली. समुद्रावर जगणाऱ्या समाजाला आपल्याच समुद्रासाठी खटला लढावा लागला, ही गोष्ट किनाऱ्यावरील प्रत्येक घराला ठाऊक आहे.

अशा घराच्या दारात वाढवण बंदराची योजना घेऊन जावयाचे आहे. हा प्रकल्प ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. देशाच्या सागरी व्यापारासाठी खोल पाण्याच्या बंदराचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने याच जागेवरील बंदर नाकारले होते आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अनुमती दिली. या पंचवीस वर्षांत काय बदलले, असे वरोरचा मच्छीमार, चिंचणीचा डायमेकर किंवा चिकूचा बागायतदार विचारतो, तेव्हा त्याला विकासविरोधी म्हणून हिणविणे हा अन्याय तर आहेच, शिवाय राजकीय अविचारही आहे. तो तारापूरच्या अनुभवावरून बोलत असतो.

येथे पक्षाच्या मूळ भूमिकेचाच कस लागतो. जो पक्ष परंपरा, कुटुंब आणि भूमी यांच्या जतनाची भाषा बोलतो, त्याला मांगेल्याचा समुद्र आणि वारल्याचे रान हेही जतनाचेच विषय वाटले पाहिजेत. मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्याने मंदिराच्या पायरीशी जाळे विणीत बसलेल्या माणसाची उपजीविका पाहू नये, हे विसंगत आहे. साशंक मतदार ही विसंगती अचूक हेरतो.

मग करावयाचे काय? नव्या वचनापूर्वी जुने वचन पूर्ण करावे. अक्करपट्टी-पोफरणच्या कोणत्या कुटुंबाचे काय येणे राहिले आहे, याची यादी कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन करावी आणि तिचा निकाल लागेपर्यंत शासनदरबारी पाठपुरावा करावा, मग शासन आपल्याच पक्षाचे का असेना. १९९६ च्या पेसा कायद्याने जेथे ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, तेथे ग्रामसभेत जाऊन आधी ऐकावे आणि मग बोलावे. बंदरात स्थानिकांना रोजगार मिळेल असे सांगावयाचे असेल, तर कोणते काम, कोणते प्रशिक्षण आणि केव्हा, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तसे कबूल करावे. रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत असत. त्याच म्हाळगींना १९७७ साली आणि पुन्हा १९८० साली ठाण्याने लोकसभेवर पाठविले. तो अहवाल या जिल्ह्यातील प्रत्येक लोकप्रतिनिधीने पुन्हा सुरू करावा, आणि त्यात न झालेल्या कामांचे पानही असावे.

यातून पुढील निवडणुकीत मते वाढतीलच, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. माधवरावांनाही ते कोणी दिले नव्हते. पाड्यावर पहिला दिवा लावताना त्यांच्यापुढे मतदारयादी नव्हती, समोर बसलेली मुले होती. आज वाढवणच्या किनाऱ्यावर काही माणसे अशीच समोर बसलेली आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसणारा कार्यकर्ता हवा आहे.