पेठेची वर्गणी आणि पेठेची माणसे



सन 1880. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होता. त्याच्या स्वागतासाठी नगरपालिकेने 1,000 रुपये खर्च करावेत असा ठराव सभेपुढे आला. 32 सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध मत दिले. हाच पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. जोतीराव आपल्याला समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत. ते कंत्राटदार आणि व्यापारी होते, आणि धंद्यात कमावलेला पैसा त्यांनी शाळांसाठी आणि समाजकार्यासाठी वापरला, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. खर्चाचा ठराव समोर आला की त्यातून माणसाच्या पदरात काय पडणार, हे विचारण्याची सवय त्यांना धंद्यानेही लावली असावी.

आज मला बोलायचे आहे ते आपल्या बाजारपेठांतल्या व्यापारी संघटनांविषयी. गणपती, शिवजयंती, नाट्यस्पर्धा, कुस्त्यांचे मैदान, इतकेच काय, ही व्याख्यानमालासुद्धा ज्यांच्या पावत्यांवर उभी असते, त्या दुकानदारांविषयी. हा वर्ग पैसा देतो हे सर्वांना दिसते. तो माणसे घडवू शकतो, पूर्वी घडवत होता, हे मात्र नजरेआड झाले आहे.

नवी पेठ वसवायची म्हणजे आधी व्यापारी आणून बसवायचे, हे आपल्याकडे जुनेच. त्यासाठी शेटे आणि महाजन हे वतनदार असत. पेठेची भरभराट ही त्यांची जबाबदारी, आणि बाजारातल्या मालावर त्यांचा हक्क. हक्काला जबाबदारी जोडलेली होती, एवढेच इथे ध्यानात ठेवू.

लालबागचे उदाहरण घ्या. 1932 मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला. मासे विकणारे कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला. नवसाबरोबर खटपटही केली. लोकप्रतिनिधींना गाठले, जागेच्या मालकाला पटवले, आणि बाजारासाठी जागा मिळवली. त्या आनंदात 1934 साली तिथे सार्वजनिक गणपती बसला. आज त्या गणपतीसमोरची रांग सगळ्या देशाला माहीत आहे. मला त्याआधीची दोन वर्षे मोलाची वाटतात. बाजार उठला तेव्हा घरी बसून न राहता एकत्र येणे, कोणी बोलायचे ते ठरवणे, दहा जणांची दहा मते एका अर्जात बसवणे, हे ती माणसे त्या दोन वर्षांत शिकली असणार. उत्सव या शिकण्यातून उभा राहिला.

पुण्यात दगडूशेठ हलवाई हे मिठाईचे व्यापारी. प्लेगमध्ये मुलगा गेला, आणि त्या दुःखातून त्यांनी दत्ताची आणि गणपतीची भक्ती जोपासली, असे सांगतात. पुढे त्या गणपतीचा कारभार सुवर्णयुग तरुण मंडळाच्या पोरांकडे आला. तात्यासाहेब गोडसे आणि त्यांच्या मित्रांनी नुसता मांडव सांभाळला नाही. याच वर्तुळातून सुवर्णयुग सहकारी बँक उभी राहिली. मंडळ ते बँक हा प्रवास साधा नाही. लोकांनी दहा-वीस रुपयांची वर्गणी विश्वासाने दिली आणि तिचा हिशेब चोख मिळाला, म्हणूनच पुढे ठेवी देताना त्यांचा हात आखडला नाही. हिशेबातून पत आणि पतीतून नेतृत्व, ही वाट पेठेला फार जवळची आहे.

पूना मर्चंट्स चेंबरचा दिवाळीतला लाडू-चिवड्याचा उपक्रम पुणेकरांना ठाऊक आहे. ना नफा ना तोटा या तत्त्वावर घाऊक व्यापारी एकत्र येऊन फराळ तयार करतात आणि रास्त भावात विकतात. त्यांनी एखाद्या कार्यक्रमाला तेवढ्याच रकमेचा धनादेश देऊन काम संपवले असते तरी चालले असते. पण इथे त्यांनी आपले कसब दिले. डाळ कधी घ्यावी, तेलाचा भाव कुठे थांबेल, किती मण माल लागेल हे व्यापाऱ्याइतके कोणाला कळते?

आता आपल्या गावाकडे वळू. वर्गणी कशी गोळा होते ते तुम्ही पाहता. पावतीपुस्तक घेऊन आठ-दहा मुले दुकानात येतात. गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाईक सोडून त्यांच्याकडे पाहतो, आकडा ठरतो, पावती फाडली जाते. शेजारच्या दुकानाने किती दिले हे मुले सांगतात, कधी आवाज चढवूनही सांगतात. दुकानदार पैसे देतो आणि मनातून सुटतो. नंतर त्या पैशांचे काय झाले हे तो विचारत नाही. विचारले तर आपण कंजूष ठरू, असे त्याला वाटते.

त्याचे हे न विचारणेच मला सर्वांत जास्त टोचते. रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री शटर न ओढणारा माणूस, वर्षभरातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक खर्चाचा जमाखर्च मागत नाही. खरे तर कायदा त्याच्या बाजूने आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. पण कार्यालयात कागद जाणे वेगळे, आणि ज्याने पैसे दिले त्याच्यासमोर उभे राहून आकडे वाचणे वेगळे. नेतृत्व घडते ते दुसऱ्या ठिकाणी. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत सांगावे लागते, की ध्वनिक्षेपकावर अंदाजापेक्षा जास्त खर्च झाला, आणि तो का झाला. असा मुलगा पुढे पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत बसला की लोकांचा पैसा कसा बोलतो हे त्याला माहीत असते.

मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा नियम 2013 च्या कंपनी कायद्यात आला. नफ्याच्या दोन टक्क्यांची ती तरतूद पेठेतल्या किराणा-कापड दुकानांना लागू होत नाही, ती मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांसाठी आहे. पण सरकारने 2014 मध्ये एक खुलासा केला होता तो आपल्या कामाचा आहे. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरातीचे प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत. पेठेला कायदा लागू नसला तरी ही वाट तिने आपणहून धरायला हरकत नाही. स्मरणिकेतले 'शुभेच्छुक' म्हणून छापलेले पान आणि चौकातली नाव लिहिलेली कमान, यांपलीकडे काय टिकले ते पाहावे.

अडचणही मला दिसते. घाऊक बाजार पेठांतून उठून शहराबाहेरच्या यार्डात गेले, मालकांची घरे उपनगरांत गेली. मोबाइलवर साडी मागवणारा ग्राहक पेठेच्या गणपतीला वर्गणी देत नाही, आणि साडी पाठवणारी कंपनीही देत नाही. भार उरतो तो शटर उघडणाऱ्या दुकानदारावर. म्हणून त्याच्याकडे आणखी पैसे मागणे मला अन्यायाचे वाटते. त्याने पैसे कमी द्यावेत, वेळ द्यावा.

या गावच्या व्यापारी संघटनेचे पदाधिकारी समोर बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. येत्या गणपतीत वर्गणी देताना एकच अट घाला: खजिनदार पंचविशीच्या आतला असेल, आणि शक्यतो मुलगी असेल. बाजारात माळवे घेऊन बसणाऱ्या बाया दिवसाचा हिशेब बोटांवर करतात, पण मंडळांच्या कार्यकारिणीत आणि तुमच्या संघटनेच्या सभेत त्या दिसत नाहीत. त्या खजिनदाराला उत्सवाच्या आधी आठवडाभर तुमच्यापैकी कोणाच्या तरी पेढीवर बसवा. दरपत्रक कसे मागवतात, तीन ठिकाणचे भाव कसे ताडून पाहतात, उधारीची तारीख कशी पाळतात हे तिला दिसू द्या. दोन व्यापाऱ्यांनी फक्त सल्ला द्यावा, सही तिची असावी.

आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी, याच पटांगणात, जमाखर्च मोठ्याने वाचला जावा. ज्या मंडळाचा हिशेब जुळणार नाही त्याला पुढच्या वर्षी वर्गणी बंद करू नका. त्याच्या खजिनदाराबरोबर बसून फरक शोधा. अध्यक्षमहाराज परवानगी देतील तर त्या सभेची तारीख आजच, आत्ताच ठरवूया.