काल आणि कल



‘भाषांची तुलना’ हा विषय मी सुचवला तेव्हा चिटणीसांच्या कपाळाला आठी पडली. ते साहजिकच होते. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकापाशी. भाषापंडिताचा अंगरखा मला शोभणार नाही आणि तो मी चढवलेलाही नाही. पण एका शब्दापायी माझ्या हातून एका गरिबाचे चार दिवसांचे वेतन बुडाले आहे, म्हणून हा विषय.

आपल्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत. तेथे भट्टीपुढे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इकडची माणसे राबतात. अशाच एका बिहारी कामगारावर विनापरवाना गैरहजेरीचा आरोप आला. चौकशीत त्याच्या बाजूने मी बसलो होतो. तो म्हणाला, “मुकादम ने बोला, कल छुट्टी.” मी मराठीत जबाब उतरवला, “मुकादम म्हणाला, काल सुट्टी.” कागद त्याने स्वतः वाचला. नागरी लिपी त्याला येत होती. माझा ‘काल’ त्याने आपला ‘कल’ म्हणून वाचला, मान डोलावली आणि सही केली. मुकादमाने सांगितलेली सुट्टी दुसऱ्या दिवसाची होती; कागदावर ती आदल्या दिवसाची झाली आणि त्याचा बचाव त्याच्याच सहीने कोसळला. चार दिवस बिनपगारी निलंबन! चूक माझ्या ध्यानात आली ती फाटकाबाहेर चहा पिताना, निकाल लागून गेल्यावर.

आता मौज पाहा. काल आणि कल हे दोन्ही शब्द ‘कल्य’ म्हणजे पहाट या एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. हिंदीने मागची पहाट आणि पुढची पहाट दोन्ही एका शब्दात बांधल्या. मराठीने मागची तेवढी ठेवली आणि पुढच्या दिवसासाठी उद्या हा निराळा शब्द घेतला. शिक्षा या शब्दाचेही तसेच. हिंदी माणूस मुलाला शिक्षा मिळावी म्हणून शाळेत घालतो. (आपल्याकडेही पुष्कळ मुलांना तोच अनुभव येतो म्हणा!) चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न. यंत्रणा म्हणजे तिकडे यातना. भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही अर्थ सारखेच पटतील.

त्या प्रकरणानंतर मी भाषांविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि मुद्दाम दूर गेलो. दोन भाषा निवडल्या: एक ताश्कंदकडची उझबेक, दुसरी मणिपूरची मैतेई. उझबेक तुर्की कुळातली. बाबराने आपले आत्मचरित्र जिच्यात लिहिले त्या जुन्या चगताई भाषेची ही वारस. मैतेई तिबेटी-ब्रह्मी कुळातली. 1992 साली मणिपुरी या नावाने ती आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. या दोघींचे एकमेकींशी नाते नाही, आणि मराठीशी तर नाहीच नाही.

तरीही वाक्य उघडून पाहिले आणि मी चकित झालो. उझबेक म्हणतो, “मेन कितोब ओकियमान”. म्हणजे मी पुस्तक वाचतो. मैतेई म्हणतो, “ऐ चाक चाइ”. म्हणजे मी भात खातो. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, हुबेहूब आपल्यासारखे. दोन्हीकडे बैल आला, गाय आली, वासरू आले असा लिंगाचा जाच मात्र नाही.

उझबेकमध्ये तर माझ्या धंद्याचे शब्दच सापडले. तिकडे कामगाराला ‘इशची’ म्हणतात. ‘इश’ म्हणजे काम, आणि पुढचा ‘ची’ तोच, जो आपल्या मशालची आणि तोपची या शब्दांत आहे. वेतनाला ते ‘इश हकी’ म्हणतात, म्हणजे कामाचा हक्क. मला हा शब्द फार आवडला. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या पोटात नुसते देणे आहे, हक्क नाही. अर्थात हक्क काय, किताब काय, हे अरबीचे शब्द फारसीच्या वाटेने ताश्कंदलाही गेले आणि जालन्यालाही आले. उसन्या शब्दांवरून सोयरीक जुळवू नये, एवढे मी शिकलो आहे.

शेजार मात्र सोयरिकीपेक्षा खोल जातो. आपला मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबारी भाषा उर्दू. गावाची थोरवी सांगणारी म्हणसुद्धा आपण ‘जालना सोने का पालना’ अशीच सांगतो. पण देणे दुतर्फी आहे. दखनीतला ‘नक्को’ आपला आहे आणि ‘मैंच’ मधला ‘च’ही आपलाच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे कानडी, उर्दू आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 साली दाखवून दिले की तेथे शब्द तिघींचे वेगळे राहिले, पण वाक्यांची बांधणी जवळजवळ एक झाली. तिथल्या उर्दूने तर ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेदही उचलला. ऐकणाऱ्याला धरून ‘अपन’, वगळून ‘हम’.

हा भेद मला फार मोलाचा वाटतो. “आम्ही संप करणार” म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो. “आपण करणार” म्हटले की तो आत येतो. बिहारी कामगारांपुढे मी “हम करेंगे” म्हणतो तेव्हा समोरचा स्वतःला आत धरतो की बाहेर, ते मला कळत नाही. त्यांच्या बोलीत ‘हम’ म्हणजे एकटा ‘मी’सुद्धा होतो! हल्ली मी “हम सब, आप भी” असे म्हणतो. लांबट वाटते, पण चालते.

आणि जबाबात आता काल, कल, उद्या यांपैकी काहीच लिहीत नाही; तारीख लिहितो, आणि सहीपूर्वी मजकूर दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवतो. त्या कामगाराचे चार दिवसांचे वेतन संघटनेच्या निधीतून भरून दिले. त्याच्या नोंदीवरचा शेरा मात्र अजून तसाच आहे. तो काढून घेण्यासाठी केलेला अर्ज माझ्याच हस्ताक्षरात आहे.