जुलमाच्या वास्तू : पाडाव्यात की जपाव्यात?

(हुतात्मा दिनानिमित्त सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

१२ जानेवारी हा दिवस देशभर स्वामी विवेकानंद जयंती म्हणून साजरा होतो. सोलापूरकरांच्या मनात या दिवसाची आणखी एक नोंद आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आले. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असताना या शहरातील चार घरांचे दिवे मालवले.

आज या चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मध्यवर्ती चौकात उभे आहेत. त्यांना वंदन करणे हे प्रत्येक सोलापूरकराचे कर्तव्यच आहे. परंतु ज्या चौक्या, ज्या कचेऱ्या, ज्या कोठड्या आणि ज्या पेठा या बलिदानाच्या साक्षीदार आहेत, त्यांचे समाजाने काय करायचे? परकी आणि जुलमी राजवट संपल्यानंतर तिने मागे ठेवलेल्या वास्तूंशी स्वतंत्र राष्ट्राने कसे वागायचे? सोलापूरला या प्रश्नाचा विचार टाळता येण्यासारखा नाही. कारण हे शहर एका नव्हे, दोन राजवटींच्या सीमेवर उभे होते.

दोन राजवटींच्या मध्ये

पहिली राजवट इंग्रजांची. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेचे वृत्त आले आणि गिरणी कामगारांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे यांच्यासह अनेकांनी प्राण गमावले. संतप्त जमावाने पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत जाळली. दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. त्याचा सूड म्हणून १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. राष्ट्रध्वज हाती धरणे हा त्या दिवसांत गुन्हा ठरला, गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणे धोक्याचे झाले.

दुसरी राजवट निजामाची. सोलापूर शहर ब्रिटिश मुलखात होते. पण पूर्वेला थोडेसे गेले की हैदराबाद संस्थानाची हद्द सुरू होई. डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरातच आर्य परिषद भरली. निजामी राज्यात हिंदूंना धार्मिक व नागरी हक्क मिळावेत, यासाठीच्या सत्याग्रहाचे केंद्र हे शहर बनले. १९३९ साली देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो सत्याग्रही संस्थानात शिरले आणि तेथील तुरुंग भरून गेले. आर्य समाज आणि हिंदू महासभा या दोहोंचे कार्यकर्ते त्यात होते. त्याच पार्श्वभूमीवर १९४० मध्ये सोलापुरात दयानंद महाविद्यालय उभे राहिले. पुढे रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळून सीमेपलीकडची कुटुंबे याच जिल्ह्याच्या आश्रयाला आली आणि बार्शी तालुक्याच्या सीमेवर मुक्तिसंग्रामाची सशस्त्र शिबिरे उभी राहिली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहूनच हैदराबादकडे निघाली. पहिली लढत नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवून देण्याआधीच जवानांनी तो शाबूत ताब्यात घेतला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

एकाच जिल्ह्याच्या आसपास एवढा इतिहास घडला. त्यातील किती जागा आजच्या विद्यार्थ्याला बोट दाखवून सांगता येतील?

वॉर्साचे दोन निर्णय

अशा वास्तूंचा विषय निघाला की एक दाखला हमखास दिला जातो. पोलंडची राजधानी वॉर्सा रशियन झारच्या ताब्यात असताना तेथे शहराच्या मध्यभागी एक भव्य रशियन चर्च बांधण्यात आले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. पोलंड स्वतंत्र होताच १९२४ ते १९२६ या काळात पोलिश लोकांनी ते पाडून टाकले. ते चर्च केवळ उपासनेसाठी नव्हते. पोलिश माणसाला त्याची गुलामी रोज दिसावी म्हणून ते उभारले होते, अशी पोलिश भावना होती. इतिहासकार अर्नोल्ड टॉयन्बी यांनी १९६० साली दिल्लीत आझाद स्मृती व्याख्यानांत या चर्चची तुलना औरंगजेबाने उभारलेल्या मशिदींशी केली होती. आक्रमकाच्या वास्तूमागे राजकीय हेतू असतो, हे एका परदेशी विद्वानाने स्पष्टपणे सांगितले, म्हणून तो दाखला महत्त्वाचा आहे.

परंतु त्याच शहराचा पुढचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडवर सोव्हिएत रशियाची पकड बसली आणि १९५५ मध्ये वॉर्सातच २३७ मीटर उंचीचा एक प्रासाद उभा राहिला. ती स्टालिनची ‘भेट’ होती आणि त्याला स्टालिनचेच नाव दिलेले होते. ते नाव पुढे काढून टाकण्यात आले. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. तो प्रासाद पाडावा, अशी मागणी तेव्हापासून अधूनमधून होत आली आहे. तरीही पोलंडने तो पाडला नाही. २००७ मध्ये त्याची वारसा वास्तू म्हणून अधिकृत नोंद केली. चर्च पाडणारे पोलिश आणि प्रासाद जपणारे पोलिश एकाच राष्ट्राचे. एका पिढीला वास्तू नष्ट करण्यात मुक्ती वाटली. दुसऱ्या पिढीला नाव पुसून वास्तू स्वतःच्या ताब्यात ठेवणे पुरेसे वाटले. ही दुसरी भूमिका दुबळेपणाची नाही. स्वतःच्या विजयाची खात्री असलेल्या राष्ट्राची ती भूमिका आहे.

महाराष्ट्राला तर हा मार्ग पोलंडकडून शिकण्याची गरजच नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी आदिलशाहीचे अनेक गड जिंकले. शत्रूचे म्हणून ते पाडले नाहीत. तोरण्याला प्रचंडगड हे नाव दिले, त्याची डागडुजी केली आणि त्यावरून स्वराज्य चालवले. गड पाडण्याचे काम केले ते इंग्रजांनी. १८१८ नंतर त्यांनी अनेक किल्ल्यांचे मार्ग आणि तटबंद्या सुरुंग लावून उडवल्या, कारण गड उभा राहिला तर आठवण उभी राहील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. महाराजांनी ते जपले नसते, तर जगासमोर ठेवायला काय उरले असते?

अंदमानचा धडा

जपण्याच्या बाबतीत स्वतंत्र भारताने एक मोठी चूक केली आणि ती अर्धीमुर्धी सुधारलीही. अंदमानच्या सेल्युलर जेलला सात पाखे होते. स्वातंत्र्यवीर सावरकर आणि त्यांचे बंधू बाबाराव यांच्यासह शेकडो क्रांतिकारकांनी तेथे कोलू ओढला. आज त्यातील केवळ तीन पाखे उरले आहेत. काही भाग जपानी ताब्याच्या काळात गेला. पण काही भाग स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने पाडला आणि त्या आवारात रुग्णालय उभे केले. रुग्णालय ही चांगलीच गोष्ट. पण त्यासाठी नेमकी हीच जागा लागावी?

त्याविरुद्ध आवाज उठवला तो तेथे शिक्षा भोगून आलेल्या राजबंद्यांनी. ज्यांच्या पायांत त्या भिंतींनी बेड्या घातल्या, तेच म्हणाले की या भिंती पाडू नका. अखेर ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते उर्वरित तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण झाला. जुलमाची वास्तू कोणाची, या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे. ती बांधणाऱ्याची नसते. तिच्यात ज्यांनी सोसले त्यांची असते. बर्लिनमध्ये कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांचा जो तुरुंग होता, तो १९९४ पासून स्मारक झाला आहे. तेथे पूर्वीचे कैदीच अभ्यागतांना कोठड्या दाखवत आले आहेत. याहून जिवंत पाठ्यपुस्तक कोणते?

येरवड्याच्या भिंतींचेही असेच आहे. त्याच कारागृहात १९३१ साली सोलापूरचे चार हुतात्मे फासावर गेले आणि त्याच कारागृहात आणीबाणीच्या काळात तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस स्थानबद्ध होते. परक्यांची हुकूमशाही आणि स्वकीयांची हुकूमशाही या दोहोंची साक्ष एकच दगड देतो. २६ जानेवारी २०२१ रोजी येथून राज्यात कारागृह पर्यटनाचा आरंभ झाला, हे योग्यच झाले.

सन्मान, श्रद्धा आणि साक्ष

मग सरसकट सारेच जपायचे का? तसे नाही. येथे विवेक करावा लागतो.

काही वस्तू राजवटीचा गौरव करण्यासाठीच उभ्या केलेल्या असतात. राजाराणीचे पुतळे, चौकांना आणि गावांना दिलेली नावे ही सन्मानचिन्हे होत. त्यांना सन्मानाच्या जागेवर ठेवण्याचे कारण नाही. मुंबईत १९६५ मध्ये काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेला गेला. हंगेरीने कम्युनिस्ट काळातील पुतळे १९९३ मध्ये बुडापेस्टच्या वेशीवर एका उद्यानात एकत्र ठेवले. शेवटच्या निजामाच्या नावाचे उस्मानाबाद आज धाराशिव झाले आहे. चौथऱ्यावरून उतरवलेला पुतळा संग्रहालयात अभ्यासासाठी राहू शकतो.

काही स्थाने श्रद्धेची असतात. तेथे प्रश्न दगडाचा नसतो, खंडित झालेल्या उपासनेचा असतो. सरदार पटेलांनी सोमनाथच्या पुनर्निर्माणाचा संकल्प केला आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. मात्र तेथेही जुन्या मंदिराचे अवशेष फेकून दिले गेले नाहीत. ते प्रभासपाटणच्या संग्रहालयात जपले आहेत.

उरतात त्या साक्षीच्या वास्तू : तुरुंग, चौक्या, न्यायालये, किल्ले, पूल, लढतीच्या जागा. त्यांच्या बाबतीत नियम एकच असावा. वीटही हलवू नये आणि खोटेही लिहू नये. सोलापूरचा भुईकोट किल्ला पाहावा. बहमनी काळात तो बांधला गेला, आदिलशाहीने वापरला, मराठ्यांनी राखला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्याच आवारात उत्खननातून उजेडात आलेले प्राचीन मंदिराचे अवशेषही आहेत. परक्यांची खूण म्हणून तट पाडायला निघालो, तर आपल्याच मंदिराची साक्ष मातीत जाईल. आणि केवळ ‘मध्ययुगीन स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना’ एवढेच फलकावर लिहिले, तर मंदिराची कथा शब्दांत गाडली जाईल.

फलकावर काय लिहावे?

खरा वाद दगडांचा नाही, फलकाचा आहे. गेली अनेक दशके एक भीती पसरवली गेली की रझाकारांविषयी सत्य लिहिले तर सलोखा बिघडेल. म्हणून मुक्तिसंग्रामाचा उल्लेखच पुसट झाला. ही भीती निराधार आहे. रझाकारांच्या विरोधात आणि भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. सोलापूरच्या चार हुतात्म्यांत कुर्बान हुसेन आहेत. जुलमी राजवट आणि एखादा समाज यांत भेद करायला सत्यच शिकवते. मौनामुळे मात्र तो भेद पुसला जातो.

सत्य लिहायचे तर पूर्ण लिहावे लागेल, याचीही जाणीव ठेवावी. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात काही ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांनाही झळ पोहोचली. तेही नमूद करण्यास कचरण्याचे कारण नाही. रझाकारांचा अन्याय त्याने कणभरही कमी होत नाही; उलट सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

शंभरी भरण्यापूर्वी

केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. या हिशेबाने १९३० चा सोलापूरचा लढा २०३० मध्ये आणि १९४८ चा मुक्तिसंग्राम २०४८ मध्ये शंभरी गाठेल. केवळ त्या लढ्यांच्या काळात बांधलेल्या वास्तूला तोपर्यंत या कायद्याचे छत्र नाही. रस्ता रुंद होतो, जुनी इमारत ‘धोकादायक’ ठरते, एका रात्रीत पाडकाम होते आणि नंतर तेथे काय घडले होते, हे सांगणाराही उरत नाही.

म्हणून काम समाजाचे आहे. सोलापूर शहर, बार्शी, अक्कलकोट, नळदुर्ग या परिसरातील १९३० आणि १९३८ ते १९४८ या काळाशी निगडित जागांची यादी महाविद्यालयीन तरुणांनी तयार करावी. प्रत्येक जागेचे छायाचित्र, मालकी, आजची अवस्था आणि तेथे घडलेली घटना कागदावर यावी. त्या काळी लहान असलेले जे वृद्ध आज आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. या कामाला आता वर्षे नाहीत, महिनेच उरले आहेत. ही यादी महापालिका, जिल्हा परिषद आणि पुरातत्त्व विभागापुढे पुराव्यानिशी ठेवावी. नळदुर्गचा पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला जाणाऱ्या प्रत्येक सहलीला बोरीकाठी पाच मिनिटे थांबवून १३ सप्टेंबर १९४८ ची हकिगत सांगावी. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

१२ मे २०३० रोजी मार्शल लॉला आणि १२ जानेवारी २०३१ रोजी चार हुतात्म्यांच्या बलिदानाला शंभर वर्षे होतील. त्या दिवशी भव्य कार्यक्रम होतील, भाषणे होतील. त्याआधी एखाद्या शाळकरी मुलाने विचारले की हे सारे नेमके कुठे घडले, तर त्याला हाताला धरून त्या जागेवर नेता यावे, एवढी तयारी सोलापूरने करावी.