कोचिंगचा करार किती महिन्यांचा?

आजचा विषय अमरावती-अकोल्यात स्वतःच्या बळावर कोचिंग देणाऱ्यांसाठी. कोणी इंग्रजी बोलायला शिकवतं, कोणी इंटरव्ह्यूची तयारी करून घेतं. क्लायंटशी करार महिन्याचा करायचा, की वर्षाचा?

आपल्या वऱ्हाडातल्या शेतीकडेच पाहा ना. सालदार सालभरासाठी ठेवतात, कारण शेतीच्या कामाचा फेराच सालभराचा. कापूस वेचणीची मजुरी मात्र किलोवर. म्हणजे मुदत कामावरून ठरते, आपल्याला पैसा कधी लागतो त्यावरून नाही.

इंटरव्ह्यूची तारीख ठरली असेल, तर करार त्या तारखेपर्यंतच. इंग्रजी बोलायची सवय महिन्यात लागत नाही. तिथं तीन महिने धरा. आठवड्याला एक, म्हणजे साधारण १२ सेशन.

आता मोठा प्रश्न: क्लायंटनं मधेच सोडलं तर? केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लाससाठी आहेत. त्या म्हणतात, पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करा. तुमचे पाचच क्लायंट असू द्या, हिशेब हाच ठेवा. १२ सेशनचे ६,००० घेतले अन् चार झाले, तर ४,००० परत. हे पहिल्याच दिवशी लिहून द्या, मग भांडण उरत नाही.

अन् करार आपोआप वाढवू नका. संपायच्या आठवडाभर आधी सरळ विचारा, "पुढं चालू ठेवायचं का?" तो 'नाही' म्हणाला तरी चालेल. गाव लहान आहे, पुढचा क्लायंट त्यालाच विचारून येणार!

भेटू पुढच्या भागात.